प्रतिसाद: पस्तिशीनंतर बाळाला डाऊन सिंड्रोमचा धोका एकदम वाढतो का?

ताई, वहिनी ३६ वर्षांच्या आहेत म्हणून बाळाला डाऊन सिंड्रोम (२१ वं गुणसूत्र एक जास्त असणं) होईल का या भीतीने घाबरलात, पण पस्तिशीला कुठली भिंत नाही. प्रसूतीच्या वेळी आई २५ वर्षांची असेल तर साधारण १२५० बाळांत एक डाऊनचं, ३५ ला ३५० त एक, ४० ला १०० त एक, ४५ ला ३० त एक. स्त्रीबीजं आईच्या जन्माआधीच तयार होऊन थांबलेली असतात. वय वाढेल तशी त्यांतली २१ व्या गुणसूत्राची जोडी कधीकधी नीट सुटत नाही. तरी बहुतेक डाऊन बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांचीच, कारण बाळंतपणंच त्या वयात जास्त. म्हणून तपासणी सगळ्यांनीच करावी.

एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी) गरोदरपणाच्या ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्यातच होतात. अक्कलकोट-मंगळवेढ्याहून सोलापूरला यायचं तर तारीख आधीच ठरवा. फॉर्मवर खरी जन्मतारीख, त्या दिवशीचं वजन आणि सोनोग्राफीवरून काढलेले आठवडे लिहा. अंदाजे वय घातलं की सगळं गणितच चुकतं. जास्त धोका आला म्हणजे निदान झालं असं नव्हे. खात्री गर्भजल तपासणीने, १५ आठवड्यांनंतर, किंवा त्याआधी वारेच्या पेशींच्या तपासणीने (सीव्हीएस). आधीचं बाळ डाऊनचं असेल तर त्याचा कॅरिओटाइप (गुणसूत्र तपासणीचा) रिपोर्ट सोबत न्याच. त्यात ट्रान्सलोकेशन (२१ वं गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं) असेल तर वयाचा हिशोब लागू होत नाही, आईवडिलांचीही तपासणी लागते.