मदत हवी आहे: ग्लुटेन बंद आहे तरी लेकीचं पोट बिघडतंय, फूड सेन्सिटिव्हिटी टेस्ट करावी का?

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूरचे. मुलीला (वय ११) सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याला इजा होते तो आजार) आहे, टीटीजी (त्यासाठीची रक्ततपासणी) आणि बायोप्सी दोन्ही करून पक्कं झालंय. गेल्या वर्षापासून गहू, मैदा, रवा सगळं बंद. वजन चांगलं वाढलं, टीटीजी पण बरंच खाली आलंय, पण मधेच पोट फुगतं, गुडगुडतं आणि जुलाब सुरू होतात, शाळा बुडते ती वेगळीच.

घरात काळजी घेतो हो. जोंधळा, नाचणा घरच्या चक्कीवरच दळतो, कारण गिरणीत आधी कुणाचा गहू दळलेला असला की ते पीठ आपल्यात येतंच. हिंगसुद्धा बिनागव्हाचा बघून आणतो. लग्नात मांडे वाढायला आले की ती स्वतःच पानावर हात आडवा धरते, बघून जीव तुटतो.

आता माझ्या लक्षात आलंय ते असं की दूध प्यायली किंवा कुंदा (दुधाची मिठाई) खाल्ला की त्रास जास्त. परवा पाहुण्यांनी कुंदा आणला, वाटीभर खाल्ला आणि तासा-दोन तासात पोट तट्ट. ताक-भाकरीनं मात्र काही होत नाही. सिलिअ‍ॅकमध्ये आतड्याचं अस्तर खराब झालं की दुधातली साखर पचत नाही, अस्तर भरून आलं की बऱ्याचदा परत पचायला लागते, असं वाचलंय.

पण एका लॅबवाल्यानं ढीगभर पदार्थांचं आयजीजी पॅनल (रक्तातल्या आयजीजी अँटीबॉडी बघतात, हीच ती फूड सेन्सिटिव्हिटी टेस्ट) सुचवलंय, महाग आहे. आयजीजी म्हणजे तो पदार्थ शरीराच्या ओळखीचा आहे एवढंच, त्यावरून सोसत नाही असं ठरत नाही, आणि अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना पण ही टेस्ट नको म्हणतात. उद्या रिपोर्टात भात, तूरडाळ, शेंगदाणे लाल आले तर पोरीनं खायचं काय सांगा की! आधीच ताटातलं निम्मं गेलंय.

दुधासाठी हायड्रोजन ब्रेथ टेस्ट (दुधातली साखर पचते का ते श्वासातून बघतात ती) असते ना, ती बेळगाव, हुबळी नाहीतर कोल्हापूरला कुणी लहान मुलाची केलीय का? आदल्या दिवशी काय खायला देतात, किती तास बसवतात? की डॉक्टरांना विचारून दोन आठवडे दूध तोडून परत सुरू करून बघितलं तरी कळतं? सासूबाईंना हाडांची काळजी लागलीय, नाचण्यात १०० ग्रॅमला ३०० मिग्रॅच्या वर कॅल्शियम असतं म्हणून आंबील वाढवलीय, पण तेवढ्यावर भागतं का? ज्यांच्या घरी मूल सिलिअ‍ॅकचं आहे त्यांनी प्लीज लिहा.