कॉलेज फुटबॉलमधली तोंडी ऑफर बंद व्हायला हवी का?

मैदानाबाहेर:
अमेरिकेत एम.एस. करताना मी एका मोठ्या विद्यापीठाच्या फुटबॉल टीमच्या रिक्रूटिंग ऑफिसात डेटाचं काम करायचे. फुटबॉल म्हणजे इथलं, हेल्मेट घालून खेळतात ते. हायस्कूलची पोरं हेरायची, त्यांच्या मागे लागायचं आणि डिसेंबरात सह्यांच्या दिवशी, म्हणजे पोरं कॉलेजशी करार करतात त्या दिवशी, त्यांची सही मिळवायची, असं ते खातं. तिथे जे पाहिलं त्यावरून माझं मत पक्कं झालंय: तोंडी ऑफर, म्हणजे कागद न देता फोनवर दिलेला शिष्यवृत्तीच्या जागेचा शब्द, हा प्रकार बंद झाला पाहिजे.

आधी आतलं काम सांगते. भिंतभर बोर्ड, पोझिशनप्रमाणे रकाने, प्रत्येक पोराच्या नावाची चुंबकाची पट्टी. शाळेच्या वेबसाइटवरची उंची कुणी धरत नाही, तिथे सगळेच इंच-दोन इंच वाढलेले असतात. पोरगा कॅम्पला आला की आम्हीच मोजायचो: उंची, वजन, हातांचा पसारा, पंजा. सोबत आलेल्या आईवडिलांची उंचीही नजरेने टिपून ठेवायची, कारण पोरगा अजून किती वाढेल याचा अंदाज त्यावरून येतो. लाइनच्या, म्हणजे समोरच्या फळीतल्या धिप्पाड खेळाडूंच्या, कोचला पोराच्या फुटबॉल फिल्मइतकीच बास्केटबॉलची क्लिप हवी असायची. एवढ्या वजनाचा पोरगा पाय कसे हलवतो ते तिथे दिसतं. या सगळ्यात कष्ट आहेत, नजर आहे, आणि मला ते मनापासून आवडायचं.

खटकलं ते पुढचं. एका पोझिशनला जागा दोन आणि ऑफर दिलेली पोरं पंधरा-वीस. बोर्डावर त्या नावांना दोन रंग. हिरवा म्हणजे आज फोन करून 'येतो' म्हणाला तर घ्यायचा. पिवळा म्हणजे 'घाई करू नकोस, एकदा कॅम्पस बघून जा' असं सांगून झुलवत ठेवायचा. आपला रंग कोणता हे पोराला कधीच कळत नाही. तो त्याच संध्याकाळी देवाचे आणि कोचचे आभार मानत ऑफर एक्सवर जाहीर करतो, शाळेत कौतुक होतं, आणि लहान कॉलेजच्या कोचचे फोन तो उचलेनासा होतो. नियमाप्रमाणे लेखी ऑफर बारावीच्या वर्षातल्या 1 ऑगस्टच्या आधी देताच येत नाही. म्हणजे दहावीतल्या पोराला मिळालेली 'ऑफर' हा नुसता फोनवरचा शब्द. कागद देता येत नसेल तर ऑफर हा शब्दही वापरायला बंदी हवी.

शनिवारचा प्रेक्षक:
अजिबात पटलं नाही. तोंडी शब्द दोन्ही बाजूंनी कच्चा असतो आणि पोरंही त्याचा पुरेपूर फायदा घेतात. ट्रॅव्हिस हंटर बघा. देशातला अव्वल रिक्रूट, फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला शब्द देऊन बसलेला. डिसेंबर 2021 मध्ये सह्यांच्या दिवशी त्याने जॅक्सन स्टेटची निवड केली, कारण तिथे डिऑन सँडर्स कोच होते. पुढे त्यांच्याबरोबर कोलोरॅडोला गेला आणि 2024 ची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकला. त्याने शब्द मोडला म्हणून मी त्याला दोष देणार नाही. पण मग कॉलेजलाच का द्यायचा?

आणि पोरगा आता बिचारा राहिलेला नाही. 2018 ला ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आलं, 2021 पासून एक वर्ष बाहेर न बसता टीम बदलता येते, त्याच वर्षी 1 जुलैपासून जाहिरातींना नाव आणि चेहरा देऊन पैसे कमावता येऊ लागले, आणि 2025 च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर विद्यापीठं स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देतात. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला सगळे खेळ मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर. टेक्सास विद्यापीठाने 2022 मध्ये आर्च मॅनिंग हा नावाजलेला हायस्कूल खेळाडू आणि इतर काही रिक्रूट आले त्या एका वीकेंडवर सुमारे 2 लाख 80 हजार डॉलर खर्च केल्याच्या बातम्या होत्या. इतकी मनधरणी चालते तिथे नाड्या कुणाच्या हातात आहेत?

मैदानाबाहेर:
हंटर आणि मॅनिंग हिरव्यातलेही हिरवे. त्यांची काळजी करायची मला गरज नाही. मी पिवळ्या पट्टीवाल्यांबद्दल बोलतेय, आणि बोर्डावर तेच जास्त असतात.

लाइनमनची आई:
आम्ही ओहायोत राहतो. मुलगा पिवळ्या पट्टीतला होता, हे आज तुमचं वाचून कळलं.

दहावीत ऑफर आली. व्हिजिटला गेलो तर लॉकरवर त्याचं नाव, आत त्याच्या मापाची जर्सी, फोटोग्राफर दिवे लावून तयार. पोझिशन कोचने मला स्वतः फिरवून अभ्यासिका दाखवली, ट्यूटरशी भेट घालून दिली. मुलाने दोन लहान कॉलेजांना नाही म्हणून कळवलं. ती दोन्ही पूर्ण शिष्यवृत्ती देत होती. बारावीच्या ऑक्टोबरात कोचचे मेसेज थांबले. नोव्हेंबरात कळलं की त्या जागी पोर्टलमधून तयार, बावीस वर्षांचा लाइनमन घ्यायचं ठरलंय. लहान कॉलेजांच्या जागा तोवर भरल्या होत्या. आता तो डिव्हिजन टूमध्ये, म्हणजे एक पायरी खालच्या स्तरावर, खेळतो. शिष्यवृत्ती थोडी, बाकीचं आमचं कर्ज.

प्रेक्षक, पोर्टलने पोरांना ताकद दिली म्हणता. ती कॉलेजात पोचलेल्यांना मिळाली. हायस्कूलच्या पोराची जागा त्याच पोर्टलने खाल्ली.

फिल्म रूम:
ताई, वाचून वाईट वाटलं. तरीही मी बंदीच्या विरोधात आहे, आणि कारण व्यवहाराचं आहे.

मी टेक्सासमध्ये हायस्कूलला असिस्टंट कोच आहे. आमचं गाव लहान, विमानतळ तीन तासांवर. आमच्या पोराला एका मोठ्या कॉलेजची ऑफर आली, मग ती पिवळी का असेना, की महिन्याभरात पाच-सहा मधल्या फळीतली कॉलेजं फिल्म मागतात. कोच एकमेकांच्या याद्या बघूनच गाडी काढतात. ती पहिली ऑफर नसेल तर काय होतं याचं उदाहरण जॉश ॲलन. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या शेतीच्या गावातला. हायस्कूलनंतर एकही मोठी ऑफर नाही. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजला गेला, तिथून देशभरच्या कोचना ईमेल करत राहिला, तेव्हा कुठे वायोमिंगने घेतलं. 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या व्यावसायिक टीम खेळाडू निवडतात तिथे, तो सातवा होता. त्याच्या अंगात तेवढी जिद्द होती. माझ्या प्रत्येक पोरात ती असेल असं मी धरून चालू शकत नाही.

आणि कागदाने तरी काय होतं? जेडन रशाडा या हायस्कूलच्या क्वार्टरबॅककडे फ्लोरिडा विद्यापीठाच्या समर्थकांच्या गटाबरोबरचा सुमारे 1 कोटी 38 लाख डॉलरचा करार होता. पैसे आलेच नाहीत. जानेवारी 2023 मध्ये तो तिथून सुटला आणि 2024 मध्ये कोर्टात गेला.

मैदानाबाहेर:
त्याच्याकडे कागद होता म्हणूनच तो कोर्टात जाऊ शकला. ताईंच्या मुलाने कुठे जायचं? फोनवर काय बोलणं झालं ते सिद्ध कसं करायचं?

पहिल्या ऑफरने दारं उघडतात हे मान्य. पण मग त्याला ऑफर म्हणू नका, 'आमची नजर आहे' म्हणा. कोच तेवढ्यानेही गाडी काढतील. आणि खरी ऑफर असेल तर तारीख घालून लेखी द्या: अमुक दिवसापर्यंत ही जागा तुझी. त्यासाठी नियमातली 1 ऑगस्टची तारीख आधी आणावी लागली तर आणा.

शनिवारचा प्रेक्षक:
ताईंचा अनुभव वाचून एक मान्य करतो, बावीस वर्षांच्या माणसाशी सतरा वर्षांच्या पोराची स्पर्धा लावणं योग्य नाही. पण लेखी ऑफर देणारा कोचच टिकत नाही त्याचं काय? 2025 मध्ये कोच लेन किफिन ओल मिस विद्यापीठ सोडून एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेटला, गेले ते 30 नोव्हेंबरला. सह्यांचा दिवस 3 डिसेंबर. तीन दिवसांत पोरांनी काय ठरवायचं? ज्या कोचसाठी पोरगा आला, तो गेला तर सही आपोआप सुटली पाहिजे. मला तुमच्या कागदापेक्षा हा नियम आधी हवा.

लाइनमनची आई:
दोन्ही हवेत. पण नियम येईपर्यंत दर वर्षी नवी पोरं या बोर्डावर चढणार. फिल्म रूम, तुम्ही कोच आहात, तुमचा फोन ते उचलतात. पोराचा रंग कोणता, हे तुम्ही विचारू शकता ना?

फिल्म रूम:
विचारतो, आणि आता तर प्रत्येक पोरासाठी. प्रश्न एकच: 'हा आज संध्याकाळी हो म्हणाला, तर तुम्ही जाहीर करू द्याल का?' सरळ 'हो' आलं तर आईवडिलांना बोलावून बसतो. 'मी वरिष्ठांशी बोलून सांगतो' असं आलं, की त्याच आठवड्यात पोराला दुसऱ्या दोन कॅम्पना पाठवतो आणि लहान कॉलेजांना स्वतः फोन लावतो, की याचं अजून काही ठरलेलं नाही.