लहानपणीचा ताण मांजराच्या डोक्यात कायमचा बसतो का?

माजिवडेकरीण
गेल्या जुलैत, धो धो पावसात, कापूरबावडीच्या सिग्नलला बॉनेटमधून आवाज आला म्हणून गाडी बाजूला घेतली. आत ऑइलने माखलेलं पिल्लू, डोळे नुकते उघडलेले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार दिवस आई शोधली, नाही सापडली. नाव ठेवलं काजळी. आता वर्षाची आहे. मिक्सर लागला की वॉशिंग मशीनमागे, बेल वाजली की माळ्यावर, आणि झोपताना सासूबाईंची लोकरीची शाल चोखून चिंब करते. ऐरोलीच्या मावसबहिणीचा बोका तीन महिने आईजवळ होता, तो पाहुण्यांच्या मांडीवर जमीनदारासारखा पसरतो. सासूबाई म्हणतात, स्वभावच तसा. मला वाटतं, त्या दिवसांत मेंदूतच काहीतरी झालं. असं खरंच होतं का? आणि झालं असेल तर सुधारतं का?

तलावपाळी
मिक्सरला सगळीच घाबरतात हो. आमची तर नारळ खवायला घेतला तरी पळते.

भुसावाले_काका
ताई, मी शास्त्रज्ञ नाही. नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेच्या ॲनिमल हाऊसमध्ये 29 वर्षं पिंजरे बदलले, वजनं घेतली, रजिस्टरं भरली. त्यामुळे उंदरांचंच सांगतो.

सगळ्या माद्या सारख्या नसतात. एखादी पिल्लांना चाटून चाटून ओलं करते, एखादी पाजते आणि मोकळी होते. (पहिलीला आम्ही 'आजी' म्हणायचो.) माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने हेच मोजलं. पहिल्या दहा दिवसांत ज्यांना भरपूर चाटलं होतं, ती पिल्लं मोठी झाल्यावर अरुंद नळीत अडकवली तरी त्यांच्या रक्तात ताणाचं हार्मोन कमी चढायचं. हे 1997 सालचं.

टाकीत फ्लोट असतो ना, पाणी वर आलं की पंप बंद करणारा? मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे हार्मोन ओळखून पकडणारे रेणू असतात, ते फ्लोटचं काम करतात. कमी चाटलेल्या पिल्लांत ते कमी, म्हणून टाकी वाहत राहते. 2004 मध्ये त्याच गटाने पुढचं दाखवलं: जीन तोच, पण त्याच्या चालू-बंदच्या जागी मिथाइल गट, म्हणजे एक छोटं रसायन, चिकटून तो दबलेला.

आता सासूबाईंसाठी. जन्मल्याबरोबर पिल्लांची अदलाबदल केली. कमी चाटणारीचं पिल्लू 'आजी'कडे दिलं, तर ते आजीच्या पिल्लांसारखं धीट झालं. रक्तातून आलं असतं तर झालं असतं का?

आणखी एक, माझ्या खात्यातलं. कॅलिफोर्नियात टॅली बराम यांच्या गटाने माद्यांना घरटं करायला अगदी थोडं सामान दिलं. त्या पिल्लांना टाकून गेल्या नाहीत, पण सारख्या आत-बाहेर. चाटणं अर्धवट, पाजणं तुटक. तेवढ्यानेच पिल्लांची स्मरणशक्ती पुढे मध्यम वयात घसरली. हे वाचलं आणि एक पावसाळा आठवला. पिंजऱ्यात अंथरायच्या भुशाची गाडी अडकली होती, आम्ही दोन दिवस मूठ-मूठ पुरवून घातला. माद्या अशाच धावत होत्या. आम्हाला वाटलं, उकाड्याने.

सुधारण्याचं म्हणाल तर, 2002 च्या एका प्रयोगात आईपासून रोज तीन तास दूर ठेवलेली पिल्लं पुढे मोठ्या पिंजऱ्यात, बोगदे-खेळणी देऊन वाढवली. त्यांचा ताण इतरांसारखा झाला, पण मेंदूतली जुनी खूण तशीच राहिली. हमरस्ता खणलेलाच, बाजूने सर्व्हिस रोड निघाला. घोडबंदरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

सीवूड्स_व्हेट
काका, छान. पण मांजर म्हणजे उंदीर नव्हे, एवढं धरून चाला. मांजरांवर असे प्रयोग थोडे, निरीक्षणं जास्त. 2017 मध्ये फिनलंडमध्ये सुमारे 5,700 मांजरांच्या मालकांना विचारून अभ्यास झाला. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्यांत आक्रमकपणा जास्त दिसला. पण ही मालकांनी भरलेली प्रश्नावली, त्यावरून नेमकं कारण ठरत नाही. काजळीच्या आईलाही मिक्सरची भीती असेल, कोणाला ठाऊक!

तुमची जमेची बाजू: पिल्लं माणसाला सरावतात ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, आणि तेव्हा ती तुमच्याच हातात होती. माळ्यावरची जागा काढून घेऊ नका, लपायला जागा असलेलं बरं. मिक्सर आधी दुसऱ्या खोलीत, दार लावून, आणि त्याच वेळी आवडीचा खाऊ. शाल नुसती चोखत असेल तर चोखू दे. धागे गिळत असेल तर मात्र लगेच काढा, आतडं अडकतं.

भुसावाले_काका
ताई, एक विचारायचं राहिलं. तेव्हा रात्री दूध कोण पाजायचं?

माजिवडेकरीण
सासूबाई. दर तीन तासांनी, ड्रॉपरने. मांडीवर घेऊन, याच शालीत गुंडाळून!! आत्ता लिहिताना लक्षात आलं.

धागे गिळत नाही, तपासलं. तुमचं सगळं त्यांना वाचून दाखवलं. 'आजी' ऐकून हसल्या, मग म्हणाल्या, शाल तिलाच राहू दे, मला दिवाळीला नवी घ्या.