वसुली लावली तर फोन उशिरा येतील
‘ट्रेकमध्ये नुसतं दमलो म्हणून रेस्क्यूला बोलावणाऱ्यांकडून सगळा खर्च वसूल करा’ असं या चर्चेत वर दोघातिघांनी लिहिलंय. राग समजतो. चपला घालून हरिश्चंद्रगडाच्या अवघड नळीच्या वाटेला लागणाऱ्यांपायी दुसऱ्याची झोप आणि रजा जाते, आणि लोणावळ्याचं शिवदुर्ग काय, खोपोलीचं यशवंती हायकर्स काय, या बचाव पथकांतली माणसं पगारी नाहीत. पण वसुलीच्या धाकाने लोक शहाणे होत नाहीत, फोन करायचं लांबवतात. अमेरिकेतल्या माउंटन रेस्क्यू असोसिएशनचा शुल्काला विरोध आहे तो याच कारणाने. दुपारी चारला फोन आला तर गावातला एखादा वाटाड्या उजेडातच त्यांना उतरवून आणतो. तोच रात्री आठला आला की दोर, हेडटॉर्च, स्ट्रेचर, दहा-बारा माणसं. त्यात अडकलेल्यांच्या फोनची बॅटरी संपत आलेली, आणि लोकेशन पाठवून झाल्यावर ‘वाट सापडतेय बहुतेक’ म्हणत मंडळी तिथून हललेली!

अमेरिकेतल्याच न्यू हॅम्पशायर राज्याची पद्धत इथे कुणी मांडलेली दिसली नाही. तिथे निष्काळजीपणा ठरला तर बिल येतं. पण २०१५ पासून २५ डॉलरचं वार्षिक ‘हाइक सेफ’ कार्ड मिळतं. ते असेल तर बिल माफ, मात्र निव्वळ बेपर्वाई ठरली तर कार्ड असूनही भरावं लागतं. कार्डाचे पैसे शोध-बचावाच्या निधीत जातात. आपल्याकडे काही गडांच्या पायथ्याशी पावती फाडतातच की. त्यातले पाच-दहा रुपये स्थानिक पथकाच्या दोरांसाठी बाजूला काढायला काय हरकत आहे?