मेंदूत सिग्नल उलटा पण जातो का? एंडोकॅनाबिनॉइडवरून डोकं फिरलंय

अर्धवट_अभ्यासू:
आत्तापर्यंत डोक्यात एवढंच पक्कं होतं की सिनॅप्समध्ये (दोन न्यूरॉनमधला सांधा) सिग्नल एकाच दिशेने जातो, अलीकडचा न्यूरॉन केमिकल सोडतो, पलीकडचा ते पकडतो, विषय संपला. आता परीक्षेसाठी एंडोकॅनाबिनॉइड (आपल्याच शरीरात बनणारे, गांजातल्या पदार्थासारखं काम करणारे रेणू) वाचायला घेतलं तर तिथे लिहिलंय की हे पलीकडच्या पेशीत बनतात आणि काम करतात अलीकडच्या पेशीवर. म्हणजे उलटी गंगा? आणि मुळात गांजातला पदार्थ जाऊन बसेल असे रिसेप्टर (पेशीवरची केमिकल पकडणारी कुलपं) आपल्या मेंदूत कशाला हवेत? कोणीतरी नीट समजावून सांगा, नुसती लिंक चिकटवू नका प्लीज, लिंका वाचूनच ही वेळ आलीय.

मागचा_बाक:
उलटी गंगाच आहे, बरोबर वाचलंयस. आधीचंही चूक नाही म्हणा, मेन मेसेज पुढेच जातो, हा मागे येणारा फक्त "बास, जरा हळू घे" एवढंच सांगतो.

आता बघ कसं होतं. घेणारी पेशी जोरात उत्तेजित झाली की तिच्यात कॅल्शियम घुसतं. कॅल्शियम वाढलं की एक एन्झाइम पेशीच्या पडद्यातल्याच चरबीपासून २-एजी नावाचा रेणू बनवतं, हा एक एंडोकॅनाबिनॉइड. मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं तर ग्लुटामेट (पुढच्या पेशीला उत्तेजित करणारं केमिकल), गाबा (तिला शांत करणारं) वगैरे मंडळी आधीच छोट्या पिशव्यांमध्ये भरून तयार असतात, पण हा पडला तेलकट, पडद्यातून आरपार जाणारा, त्याला पिशवीत कोंडणार कसा? म्हणून लागेल तेव्हा ताजा बनवायचा आणि लगेच सोडायचा. मग तो साधारण २० नॅनोमीटरची फट ओलांडून देणाऱ्या पेशीच्या टोकावर पोचतो, तिथे सीबी१ रिसेप्टर बसलेला असतो. तो चालू झाला की त्या टोकावरचे कॅल्शियम चॅनल दबतात, आणि पिशव्या रिकाम्या व्हायला कॅल्शियम तर लागतंच, त्यामुळे पुढचा सिग्नल आला तरी केमिकल कमीच सुटतं. नंतर एमएजीएल नावाचं एन्झाइम २-एजी तोडून टाकतं आणि ब्रेक सुटतो.

चहा_गार_झाला:
नावाची गंमत कोणी सांगितलीच नाही अजून. यातला जो पहिला रेणू सापडला त्याचं नाव अनंदामाइड, आणि ते आपल्या "आनंद" वरूनच ठेवलंय, संस्कृतमधून. १९९२ मध्ये राफाएल मेशुलाम यांच्या जेरुसलेमच्या लॅबमध्ये सापडला.

आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पण याच इतिहासात आहे. टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा पदार्थ, १९६४ मध्ये वेगळं काढलं, त्याचा रिसेप्टर (हाच तो सीबी१) १९८८ मध्ये हाती लागला. मग लोकांना तोच प्रश्न पडला जो तुला पडलाय, शरीर काही एखाद्या झाडाची वाट बघत कुलूप बनवून ठेवणार नाही, म्हणजे किल्ली आतलीच कुठेतरी असणार. ती शोधली तर अनंदामाइड निघालं. रिसेप्टर आपल्याच रेणूंसाठी आहे, गांजाची किल्ली योगायोगाने त्याला लागते.

म्हणजे अनंदामाइड मागे जाऊन ब्रेक मारतं असं समज.

पेट्री_डिश:
वरच्या शेवटच्या वाक्यात थोडी दुरुस्ती. हा जो पटकन लागणारा आणि पटकन सुटणारा ब्रेक आहे तो बहुतेक ठिकाणी २-एजीचा, जो १९९५ मध्ये सापडला. अनंदामाइडचं काम वेगळं आणि जास्त गुंतागुंतीचं आहे, त्याला तोडणारं एन्झाइम पण वेगळं, एफएएएच. दोघांना एकाच पोत्यात घालू नये.

हे उलटं प्रकरण पकडलं कसं तेही वाचण्यासारखं आहे. मेंदूचा पातळ काप डिशमध्ये जिवंत ठेवायचा, एका पेशीत इलेक्ट्रोड घालायचा आणि तिच्यावर येणारे गाबाचे सिग्नल बघत बसायचं, स्क्रीनवर बारीक बारीक टोकं दिसत राहतात. मग त्याच पेशीला काही सेकंद उत्तेजित करायचं. लगेच ती येणारी टोकं गायब व्हायला लागतात आणि काही सेकंदांनी हळूहळू परत येतात. १९९१-९२ पासून हे माहीत होतं. घेणाऱ्या पेशीतलं कॅल्शियम बांधून ठेवलं तर परिणाम होतच नाही, पण कमी झालेलं दिसतंय ते देणाऱ्या पेशीचं सोडणं! म्हणजे मधून काहीतरी मागे जातंय हे नक्की, पण काय ते कळत नव्हतं. २००१ मध्ये तीन ग्रुपनी जवळपास एकाच वेळी दाखवलं की ते एंडोकॅनाबिनॉइड आहेत, सीबी१ बंद केला की खेळ खलास.

अर्धवट_अभ्यासू:
थांबा थांबा, गाबा तर स्वतःच ब्रेक आहे ना? मग ब्रेकवर ब्रेक मारला तर गाडी पळणार की थांबणार?

पेट्री_डिश:
पळणार. हाच तो मुद्दा जिथे सगळे घसरतात. सीबी१ फक्त एवढंच बघतो की आपण ज्या टोकावर बसलोय त्या टोकाचं सोडणं कमी करायचं. टोक ग्लुटामेटचं असेल तर पुढची पेशी शांत होते, गाबाचं असेल तर ती मोकळी सुटते. हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला आठवणींचा भाग) काही गाबा पेशींच्या टोकांवर सीबी१ अगदी खच्चून भरलेला असतो. त्यामुळे "एंडोकॅनाबिनॉइड मेंदू शांत करतात" असं वाक्य दिसलं की आधी विचार, कुठल्या टोकावर?

आणि टीएचसीचा घोळ इथेच आहे. आतला २-एजी ठराविक सिनॅप्सवर, थोड्या वेळापुरता येतो आणि जातो. टीएचसी मात्र रक्तातून येऊन सगळीकडे एकदमच पसरतं आणि तासन्‌तास हलत नाही, कोण बोलतंय कोण ऐकतंय काही बघत नाही.

मागचा_बाक:
याच्या उलट केलं तर काय होतं तेही बघून झालंय. रिमोनाबंट म्हणून सीबी१ बंद करणारं औषध होतं, वजन कमी करायला, २००६ मध्ये युरोपात मंजूर झालं. भूक कमी झाली खरी पण लोकांना डिप्रेशन यायला लागलं, आत्महत्येचे विचार यायला लागले, २००८ मध्ये बाजारातून काढावं लागलं.

अर्धवट_अभ्यासू:
आता डोक्यात शिरलं. एकच शेवटचं, एवढा सगळीकडे सीबी१ आहे तर अफूसारखा श्वास का नाही बंद पडत याने?

पेट्री_डिश:
कारण ब्रेनस्टेममध्ये (मेंदूचा बुडाचा भाग) श्वास चालवणाऱ्या भागात सीबी१ फारच कमी आहे. तिथे ओपिऑइडचे (अफूसारख्या पदार्थांचे) रिसेप्टर मात्र भरपूर.