बुटाच्या आडव्या लेस आणि आरशासारखं पॉलिश: शिस्त की दिखावा?

रानवाटा (धागाकर्ता):
भाचा फौजेत भरती झालाय, सध्या सुट्टीवर आहे. रात्री जेवण झालं की बूट घेऊन बसतो. कापसाचा बोळा, थेंबभर पाणी, पॉलिशचा थर, पुन्हा बोळा. टोकात चेहरा दिसेपर्यंत तास-दीड तास! लेस आडव्या, एकीखाली एक, गाठ आत दडवलेली. एक पट्टी तिरकी दिसली तरी उस्ताद (कवायत शिकवणारे) रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा, देतात म्हणे. हा वेळ झोपेला किंवा नेमबाजीला द्यावा असं माझं ठाम मत आहे. 1962 च्या चीन युद्धात नेफात (आजचा अरुणाचल प्रदेश) आपले जवान सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत थंडीत लढले. बुटाची काळजी करायचीच तर उबेची करा.

माजी सुभेदार, सातारा:
1962 चा दोष पुरवठ्याचा, तो पॉलिशच्या माथी मारू नका. मी 26 वर्षं नोकरी केली. ज्याला टोक घासायचा कंटाळा, त्याची रायफलही मळकी निघायची. आणि आडव्या लेसला कारण आहे. पाय जखमी झाला तर वरून खाली एकदाच सुरी फिरवायची, बूट उघडतो.

पट्टीवाला:
सुभेदारसाहेब, मी नर्सिंग असिस्टंट होतो. हे मलाही शिकवलं होतं. पण मधोमध कात्री घातली तर फुलीच्या लेसही तशाच कापल्या जातात! आडव्या लेसने अख्खी रांग एकसारखी, देखणी दिसते. हेच कारण उघड सांगावं, त्यात कमीपणा कसला?

इतिहासप्रेमी, नाशिक:
देखणेपणाचा हट्ट महागात पडतो. खाकी वायव्य सरहद्दीवर इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या गाइड्स पलटणीने 1840 च्या दशकातच वापरायला घेतली होती. तरी ऑगस्ट 1914 मध्ये फ्रेंच पायदळ लाल विजारीतच लढायला गेलं. रंग बदलायची सूचना आधी आली होती, ती परंपरेच्या नावाखाली हाणून पाडली. 22 ऑगस्टला एका दिवसात सुमारे 27,000 फ्रेंच सैनिक पडले. मशीनगनसमोर उघड्यावर चाल करण्याचं धोरण हे मोठं कारण, पण लांबून उठून दिसणाऱ्या विजारींनी भरच घातली.

डोंगरयात्री:
मग गढवाल रायफल्सच्या उजव्या खांद्यावरची लाल दोरीही काढणार का? पहिल्या महायुद्धातल्या पराक्रमाबद्दल 1921 मध्ये ‘रॉयल’ पदवीसोबत ती मिळाली. फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या लढाईत गबर सिंग नेगी यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते याच पलटणीचे. देश प्रजासत्ताक झाला, पदवी गेली, पण दोरी राहिली. आज भरती होणाऱ्या पोराच्या खांद्यावर ते सगळे असतात.

रानवाटा:
दोरी शंभर टक्के मान्य! ती रक्त सांडून मिळवलीय. बुटाची चमक कुठल्या लढाईत मिळाली ते सांगा. परेडचा जोड चमकवा, रोजच्या बुटाला ब्रश पुरे.

माजी सुभेदार, सातारा:
परेडचा जोड वेगळाच असतो. भाचा कुठला घासत होता ते विचारा.

रानवाटा:
विचारलं. परेडचाच होता. पण सुट्टीतही रोज रात्री घासतोय, आणि सकाळी पाचला पळायला उठतोय. झोपेचा मुद्दा मी सोडणार नाही.