अनुभव धागा: धंदा कागदावर कसा मांडलात?

भाजणीवाली, डोंबिवली

नमस्कार मंडळी. पाच वर्षं झाली, घरूनच भाजणी, मेतकूट, गोडा मसाला विकते. सुरुवात लॉकडाउनमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर झाली, आता वर्षाची विक्री चौदा लाखांच्या पुढे गेलीय. सगळं माझ्या एकटीच्या पॅनवर: प्रोप्रायटरशिप, शॉप ॲक्टची पावती, उद्यम नोंदणी, अन्न परवाना. दोन वर्षांपासून जाऊबाई बरोबरीने राबतात. महिन्याला त्यांच्या हातात काहीतरी ठेवते, पण ठरलेलं असं काही नाही. आता गाळा घ्यायचाय, त्यासाठी कर्ज काढायचंय. भाऊ म्हणतो प्रायव्हेट लिमिटेड कर, वजन पडतं. सीए म्हणतात, आहे तेच चालू द्या. जाऊबाई काहीच म्हणत नाहीत आणि मला तेच जास्त खुपतं.

फायद्या-तोट्याचे तक्ते ढिगाने वाचून झालेत. तुम्ही काय केलंत आणि नंतर काय कळलं, ते सांगा.

शिरोली_नाका

ताई, आम्हीही असेच गप्प होतो. मी आणि माझा आयटीआयचा मित्र. २०१४ साली कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत भाड्याची शेड, दोन जुनी लेथ, फौंड्रीच्या कास्टिंगचं मशिनिंग. भागीदारीपत्र केलं, नोटरी केली, फर्मचं पॅन काढलं, बँकेत खातं उघडलं. फर्म रजिस्ट्रारकडे नोंदवायची तेवढी राहिली. नोंदणी सक्तीची नाही असं कुणीतरी सांगितलेलं, आणि ते खरंही आहे.

२०१८ मध्ये एका गिऱ्हाइकाने ६ लाख ८० हजार अडकवले. वकिलांनी खुर्चीवर बसायच्या आत विचारलं, फर्म रजिस्टर्ड आहे का? १९३२ च्या भागीदारी कायद्यात कलम ६९ आहे. नोंद नसलेल्या फर्मला करारातल्या येण्यासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. त्याला मात्र आपल्यावर लावता येतो! म्हणजे आधी नोंदणी, मग दावा, आणि इकडे दावा लावायची तीन वर्षांची मुदत धावतच होती. आठ महिने नोंदणीत गेले. शेवटी तडजोडीत साडेचार लाख हाती आले. तेव्हा उद्योग आधारही (लघुउद्योगांची त्या वेळची नोंदणी) काढलेलं नव्हतं, नाहीतर अडकलेल्या येण्यासाठी लघुउद्योगांच्या सुविधा परिषदेकडे जाता आलं असतं. नंतर काढलं, पण जुन्या बिलांना त्याचा उपयोग नव्हता.

भागीचं घोडं किवणानं मरतं म्हणतात. आमचं अजून उभं आहे, आणि त्याचं श्रेय मी करारातल्या एका कलमाला देतो: एकाला बाहेर पडायचं झालं तर मशिनची किंमत कोणी आणि कशी ठरवायची. हे कलम माझ्या सासऱ्यांनी हट्टाने घालायला लावलं. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता.

वऱ्हाडी हार्डवेअर

आमचं अकोल्यात हार्डवेअरचं दुकान. बाबांच्या नावाने प्रोप्रायटरशिप, अठ्ठावीस वर्षं. एप्रिल २०२१ मध्ये बाबा कोरोनाने गेले. तेरवी व्हायच्या आतच समजलं की कायद्याच्या लेखी दुकानही त्यांच्यासोबतच गेलं.

जीएसटी नंबर बाबांच्या पॅनवरचा, तो मला चालणार नव्हता. माझ्या पॅनवर नवा नंबर, जुना रद्द करायचा अर्ज, आणि मालावर आधीच भरलेल्या कराचं क्रेडिट इकडे आणायला आयटीसी-०२ नावाचा फॉर्म. ओटीपी बाबांच्या मोबाइलवर यायचे. तो मोबाइल आईने दवाखान्यातून आणलेल्या पिशवीतच कपाटात ठेवलेला, बंद. पिशवी उघडायची कोणाची हिंमत होत नव्हती. शेवटी मी उघडली, चार्जिंगला लावला, आणि त्यांच्या गजराचा आवाज झाला. असो.

करंट अकाउंट गोठलं. प्रोप्रायटरच्या खात्यालाही नॉमिनी लावता येतो, आमच्या फॉर्मवर तो रकाना कोरा होता. मग आई आणि दोन्ही बहिणींच्या ना-हरकत सह्या. धाकटी पुण्याहून ई-पास काढून फक्त सहीसाठी आली. बहिणी समजूतदार म्हणून दीड महिन्यात सुटलो, नाहीतर काय झालं असतं याचा विचारही नको. सिमेंटची डीलरशिप बाबांच्या नावाची, तिला नवा अर्ज, नवं डिपॉझिट. सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटचं, कर्ज तेवढं बरोब्बर आमच्याकडे आलं, त्याला कुठलाच फॉर्म लागला नाही.

आता नोंदणी केलेली भागीदारी आहे. मी, आई, आणि पाच टक्क्यांवर बायको. दोघंच असतो आणि एक गेला तर फर्मच उरत नाही, एकट्याची भागीदारी कशी असेल? म्हणून तिसरी. कोणी गेलं तरी फर्म पुढे चालेल असं करारात स्पष्ट लिहिलं आहे. ते लिहिलेलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूनेही फर्म विसर्जित होते.

पन्नास_पन्नास

तुमच्या भावाला हे वाचून दाखवा. २०१५, कोथरूड. कॉलेजचा मित्र आणि मी. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला करार करायला कंपनीच हवी होती, म्हणून प्रायव्हेट लिमिटेड. शेअर निम्मे-निम्मे, कारण दोस्ती. वजन पडलं, खोटं कशाला बोलू. व्हिजिटिंग कार्डावर ‘डायरेक्टर’ वाचून आमच्या काकांनी आयुष्यात पहिल्यांदा मला आधी चहा विचारला.

पण मग कळलं की कंपनीच्या खात्यात ११ लाख आहेत आणि माझ्याकडे घरभाड्याची चणचण आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. ते पैसे माझे नव्हेत, कंपनीचे. पगार म्हणून घ्या, लाभांश म्हणून घ्या, सहज उचलता येत नाहीत. मी फ्लॅटच्या टोकनसाठी दोन लाख ‘तात्पुरते’ उचलले. सीएंनी सांगितलं, शेअरधारकाने असे घेतलेले पैसे प्राप्तिकरात लाभांश धरले जाऊ शकतात. घाम फुटला.

विक्री शून्य असली तरी ऑडिट चुकत नाही. वार्षिक फॉर्म उशिरा गेले तर प्रत्येक फॉर्मला रोजचे शंभर रुपये. आणि ‘लिमिटेड’ म्हणजे आपलं घर सुरक्षित असं आम्ही समजत होतो. ओव्हरड्राफ्ट देताना बँकेने दोघांचीही वैयक्तिक हमी लिहून घेतली. झालं, मर्यादा संपली.

२०१९ मध्ये आमचं बिनसलं. प्रॉडक्ट काढायचं की सर्व्हिसच करत राहायची, एवढाच वाद. पण दोघेच संचालक, दोघांचीही निम्मी मतं. एकही ठराव होईना, चेकवर दोन सह्या लागत. तीन पोरांचे दोन महिन्यांचे पगार अडकले आणि ती पोरं आमच्याकडे बघायची ते मी विसरलेलो नाही. शेवटी कंपनीचं नाव सरकारी नोंदवहीतून काढून टाकण्याचा अर्ज केला, त्याचीच फी १० हजार. त्याआधी तुंबलेले सगळे फॉर्म भरा, खातं बंद करा, शपथपत्रं द्या. मित्र आता बंगळुरात असतो. दिवाळीला मेसेज येतो.

टी_स्क्वेअर

नाशिक, आम्ही दोन आर्किटेक्ट. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, घेतली कारण कोणीतरी म्हणालं, कंपनीचा रुबाब आणि भागीदारीची मोकळीक. ४० लाखांच्या आत उलाढाल आणि २५ लाखांच्या आत भांडवल असेल तर ऑडिटसुद्धा लागत नाही. हे सगळं खरं आहे. ऑडिट नाही म्हणजे काहीच नाही, हे मात्र आम्हीच ठरवून टाकलं.

वार्षिक विवरणाच्या फॉर्म ११ ची मुदत ३० मे, हिशेबाच्या फॉर्म ८ ची ३० ऑक्टोबर. आम्हाला पत्ताच नाही. जुलै २०१९ मध्ये जाग आली. तेव्हा दंड फॉर्ममागे दिवसाला शंभर रुपये, वर मर्यादा नाही. एका फॉर्मचे चारशे दिवस म्हणजेच ४० हजार, दुसऱ्याचे २५ हजारांच्या आसपास, शिवाय नव्या वर्षाच्या फॉर्मचंही मीटर सुरू झालेलं. त्या काळात एलएलपीची एकूण कमाई होती एक लाख दहा हजार. २०२२ पासून छोट्या एलएलपींसाठी हा भार हलका केला आहे. आमच्या उपयोगाचं नाही.

नावापुरती

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. २०१६ मध्ये नवऱ्याने धंदा माझ्या नावाने काढला. बाईच्या नावावर कर्जाला बरं पडतं म्हणाला. सही माझी, चेकबुक त्याच्याकडे. दुकानात मी वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला जायचे.

२०२२ मध्ये जीएसटीची नोटीस आली ती माझ्या नावाने. सीसी थकलं ते माझ्या नावाने. स्कूटीसाठी कर्ज मागायला गेले तर समोरच्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि काही न बोलता सिबिलचा आकडा दाखवला. प्रोप्रायटरशिपमध्ये धंदा वेगळा आणि मी वेगळी असं काही नसतं. आता आम्ही वेगळे राहतो. पाळणाघर चालवून हप्ते मी भरते.

भाजणीवाली ताई, तुमच्याकडे उलटं आहे. नाव तुमचं, राबणं दोघींचं. कर्जाची जोखीम तुमची एकटीची, हे खरंच. पण उद्या गाळा झाला, नाव झालं, तर जाऊबाईंकडे दाखवायला एक तरी कागद आहे का?

जुना सीए

तक्ता नको म्हणालात म्हणून हात आवरून लिहितो. नोंदणीकृत भागीदारी करायची झाली तर एवढंच ध्यानात ठेवा: फर्मला स्लॅब नाही, पहिल्या रुपयापासून ३० टक्के. एकट्या व्यक्तीला नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांच्या उत्पन्नापर्यंत कर शून्यावर येतो. एवढं ऐकून लोक भागीदारीला घाबरतात. पण काम करणाऱ्या भागीदारांना पगार देता येतो आणि तो फर्मच्या नफ्यातून वजा होतो: पहिल्या ६ लाख नफ्यावर ९० टक्के किंवा ३ लाख यांतलं जे जास्त ते, पुढच्या नफ्यावर ६० टक्के. तुमच्या आकाराच्या धंद्यात फर्मकडे कर लागायला फार काही उरत नाही.

मात्र पगाराचं कलम करारात हवं. नसेल तर वजावट नाही, आणि मागची तारीख टाकून ते घालता येत नाही. दर मार्चअखेरीला एकजण तरी विचारायला येतोच. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराचा पगार, व्याज वगैरे वर्षाला २० हजारांवर गेलं की १० टक्के टीडीएस कापायचा आहे. छोट्या फर्मा हे हमखास विसरतात.

मडगावकर

गोव्यातल्यांसाठी एक वेगळीच गंमत. आमचं होमस्टे नवऱ्याच्या नावावर. पण आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा, त्यामुळे पगार सोडून बाकीचं उत्पन्न प्राप्तिकरासाठी नवरा-बायकोत निम्मं-निम्मं धरतात. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ५अ. पहिल्या वर्षी मुंबईच्या सीएने सगळं ह्यांच्याच रिटर्नमध्ये दाखवून ठेवलं. लग्नात कागदावर सही करताना कोणी सांगितलं नव्हतं की अर्धी इन्कम टॅक्सची फाइलही माझी!

एक_मत

वसमतकडे आमची हळदीची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. किमान दहा शेतकरी आणि पाच संचालक लागतात. शेअर कितीही असोत, मत एकच. हे ऐकायला गोड आहे. पण ऑडिट, वार्षिक सभा, फॉर्म, सगळं कंपनीसारखंच, आणि ते सांभाळायला पूर्ण वेळ माणूस परवडत नाही. पहिल्या दोन वर्षांत सभासद मला एकच विचारायचे: अनुदान कधी येणार? जाऊबाई एकच असताना एवढ्या मोठ्या वाटेला जाऊ नका. बचत गटातल्या दहा-बाराजणी असाल तर वेगळी गोष्ट.

बे एरिया बाकरवडी

इथे कॅलिफोर्नियात एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढली, छान वाटलं. नफा होवो न होवो, राज्याला वर्षाचे किमान ८०० डॉलर द्यावे लागतात. माझा पहिल्या वर्षाचा नफा होता ६४०.

भाजणीवाली, डोंबिवली

सगळ्यांचे आभार. ‘नावापुरती’ यांचं लिहिणं वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून काल दुपारी भाजणी भाजता भाजता जाऊबाईंना सरळ विचारलं, तुम्हाला काय हवंय? भाजणी करपेल म्हणून त्या आधी गॅस बारीक करायला उठल्या. मग म्हणाल्या, “भागीदारी-बिगीदारी तू बघ, कर्जाच्या कागदावर सही करायचं मला भ्या वाटतं. पण मला दर महिन्याला एकच आकडा दे. आणि तो बँकेत दे, माझ्या खात्यात.”

म्हणजे तूर्त प्रोप्रायटरशिपच. त्यांना रीतसर पगार, पत्रासकट. शिरोलीकर दादा, गाळा लागला की वर्षभरात नोंदणी केलेली भागीदारी करू, बाहेर पडायच्या कलमासह. त्यांचं भय तोवर ओसरलं तर. नॉमिनीचा रकाना आज सकाळी भरून आले, बँकेतल्या बाईंनाही फॉर्म शोधावा लागला.

एक मात्र अडलंय. पाकिटावर नाव सासूबाईंचं आहे. ट्रेडमार्कचा अर्ज भरायला बसले तर मालक कोण, हा पहिलाच रकाना. तो मी एकटीने भरला तर उद्या जाऊबाई वेगळ्या झाल्यावर त्यांना सासूचं नावही लावता येणार नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “माझं नाव ना? मग मला किती टक्के?” नव्या पाकिटांची ऑर्डर छापखान्यात आहे, ती थांबवलीय.